‘अनस्टेबल’ म्हणजे काय? दवाखान्याच्या कागदापासून डोंगराच्या उतारापर्यंत एकाच शब्दाचे अर्थ

तालुका प्रतिनिधी

‘अनस्टेबल’ हा इंग्रजी शब्द आता गावोगाव ऐकू येतो. दवाखान्यात डॉक्टर म्हणतात पेशंट अनस्टेबल आहे. टीव्हीवर सांगतात सरकार अनस्टेबल आहे. पोराच्या मोबाईलवर मेसेज येतो की तुमचं इंटरनेट कनेक्शन अनस्टेबल आहे. पावसाळ्यात भूगर्भवाले येऊन बघून जातात आणि सांगतात हा उतार अनस्टेबल आहे, घरं हलवा. शब्द एकच, पण प्रत्येक ठिकाणी त्याचा अर्थ वेगळा लागतो आणि काही ठिकाणी तो अर्थ चुकला तर फार महागात पडतं. आमच्या घरात पडलंय, ते पुढं सांगतो. म्हणून आज बातमी बाजूला ठेवून या एका शब्दाची माहिती देत आहे.

शब्दकोशात बघितलं तर ‘अनस्टेबल’ म्हणजे अस्थिर. बारावीच्या पोराला विचारलं तरी तो हेच सांगेल. पण अस्थिर म्हटल्यावर आपल्या डोक्यात येतं हलणारं, वरखाली होणारं. इथंच पहिली गफलत होते. एखादी वस्तू अजिबात हलत नसेल तरी ती अनस्टेबल असू शकते.

घरातली कढई घ्या आणि एक लिंबू घ्या. कढई सरळ ठेवून लिंबू आत टाकलं तर ते तळाला जाऊन थांबतं. बोटानं ढकललं तर जरा वर चढतं आणि परत तळाला येतं. याला म्हणायचं स्टेबल. आता कढई पालथी घाला आणि लिंबू बरोबर मधोमध वर ठेवा. नीट ठेवलं तर तेही थांबतं. पण नुसती फुंकर मारली तरी घरंगळून खाली जातं आणि परत वर येत नाही. हे अनस्टेबल. तिसरा प्रकार सपाट फरशीचा. तिथं ढकललं की लिंबू जिथं जाईल तिथं थांबतं. अकरावी-बारावीच्या भौतिकशास्त्रात स्थिर, अस्थिर आणि उदासीन समतोल असे जे तीन प्रकार शिकवतात ते हेच. परीक्षा झाली की आपण विसरून जातो.

पालथ्या कढईवरचं लिंबू लक्षात ठेवा. अनस्टेबल म्हणजे आत्ता पडलंय असं नाही. आत्ता ते शांत दिसतंय, पण थोडा धक्का बसला तर स्वतःहून जाग्यावर येणार नाही. पुढं जे जे अर्थ सांगणार आहे त्या सगळ्यांत हीच गोष्ट आहे.

शब्द आला कुठून

‘स्टेबल’ हा शब्द इंग्रजीत लॅटिनमधून आला. लॅटिनमध्ये ‘स्टारे’ म्हणजे उभं राहणं. आपल्या संस्कृतातला ‘स्था’ धातू त्याचाच भाऊ. स्थिर, स्थान, स्थायी हे शब्द त्यातूनच झाले, आणि स्थानवरून मराठीत ठाण आणि ठाणं झालं. म्हणजे पोलीस ठाणं आणि इंग्रजांचा स्टेबल एकाच मुळावरचे. गंमत अशी की इंग्रजीत घोड्यांच्या तबेल्यालाही ‘स्टेबल’च म्हणतात, जनावर उभं राहण्याची जागा म्हणून. आपणही गोठ्यातल्या जनावराच्या जागेला ठाणच म्हणतो आणि बाहेर न सोडता बांधून सांभाळलेल्या शेळ्यांना ठाणबंद म्हणतो. हिंदीतलं अस्तबल अरबीतून आलं, पण तेही शेवटी त्याच लॅटिन शब्दाकडं जातं. त्याच्या मागं ‘अन’ लागलं की उलटा अर्थ. ठाण सुटलेलं म्हणा.

मराठीत अस्थिर हा एकच शब्द सगळीकडं चालवायची गरज नाही. स्टूल डुगडुगतं. शिडी लटपटते. सरकार डळमळीत असतं. पाय डगमगतो. माणूस धरसोडीचा किंवा चंचल असतो. मन दोलायमान होतं. भाव बेभरवशाचा असतो. इंग्रजी या सगळ्यांना अनस्टेबल म्हणून मोकळी होते. आपल्याकडं जास्त शब्द आहेत, पण बातमीत सगळे ‘अस्थिर’ लिहितात, मीही लिहितो. पटकन होतं ते.

दवाखान्यातलं अनस्टेबल

इथं जरा सविस्तर लिहितो.

डॉक्टर पेशंटला स्टेबल किंवा अनस्टेबल म्हणतात तेव्हा ते आजार किती मोठा आहे ते सांगत नसतात. नाडी, रक्तदाब, श्वास, रक्तातला ऑक्सिजन, शुद्ध या गोष्टी आत्ता जाग्यावर थांबल्यात का, एवढंच त्या शब्दात असतं. बीपीचा वरचा आकडा ९० च्या खाली उतरतोय, नाडी जोरात पळतेय, हातपाय गार पडलेत, माणूस भान हरपल्यासारखा बोलतोय, असं असलं की पेशंट अनस्टेबल. उलट व्हेंटिलेटरवर असलेल्या माणसाचे आकडे औषधावर का होईना पण टिकून असतील तर डॉक्टर त्याला स्टेबल म्हणतील. ‘क्रिटिकल बट स्टेबल’ असं बातमीत येतं त्याचा अर्थ हाच: जिवाला धोका आहे, पण या घडीला आणखी घसरत नाही.

आपली माणसं स्टेबल म्हणजे बरा असं धरून चालतात. फोनवर सगळ्यांना कळवतात की काळजी नाही, स्टेबल आहेत. निम्मे पाहुणे माघारी फिरतात, कुणी धारा काढायला गावाकडं जातं. मग रात्री फोन आला की डॉक्टरवर राग काढतात, सकाळी तर स्टेबल म्हणत होता. डॉक्टर खोटं बोललेला नसतो. शब्द आपल्याला कळलेला नसतो, आणि तो मराठीत फोडून सांगायला डॉक्टरला वेळ नसतो. दोष दोन्हीकडं आहे, पण नुकसान एकाच बाजूचं होतं.

आणखी एक वाक्य कायम कानावर येतं, ‘स्टेबल करून पुढं पाठवतो.’ अपघाताचा पेशंट तालुक्याच्या दवाखान्यात आणला की नातेवाईक घाई करतात, इथं टाईमपास नको, डायरेक्ट मोठ्या ठिकाणी न्या. पण रक्त वाहतंय, श्वास अडकतोय अशा माणसाला तसाच गाडीत घातला तर तो वाटेत दगावू शकतो. आधी रक्त थांबवायचं, सलाईन लावायचं, श्वासाची वाट मोकळी करायची आणि मग हलवायचं. हा वेळ वाया गेलेला नसतो. १०८ ची रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून चालू आहे, तिच्यात डॉक्टर आणि ऑक्सिजन असतो तो याच कामासाठी. शेजाऱ्याच्या जीपपेक्षा ती कधी कधी दहा मिनिटं उशिरा येते हेही खरं आहे. अशा वेळी फोनवर डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

आता आमच्या घरातलं सांगतो. आमचे तात्या म्हणजे माझे सख्खे चुलते. वय तेव्हा बासष्ट. आधी चढ चढताना छातीत भरून यायचं, बसलं की थांबायचं. मग एका आठवड्यात बसल्या जागी, पहाटे झोपेतसुद्धा दुखायला लागलं. पित्त म्हणून दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी मी त्यांना दवाखान्यात नेलं. तिथं कार्डिओग्राम काढला, तो नॉर्मल आला. तरी डॉक्टरांनी कागदावर इंग्रजीत ‘अनस्टेबल अँजायना’ लिहिलं आणि आजच्या आज मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. बाहेर पंचवीस-तीस पेशंट बसलेले, त्यामुळं जास्त बोलले नाहीत.

घरी आल्यावर कागद माझ्या हातात. घरात इंग्रजी वाचणारा मीच, बातमीदार. चुलती म्हणाल्या, “अनस्टेबल म्हंजे ओ काय? डोक्याचं काय हाय का?” त्यांनी तो शब्द टीव्हीवर मेंटली अनस्टेबल असाच ऐकलेला. मी म्हणालो, “नाही ओ काकी, अस्थिर म्हंजे दुखणं कमीजास्त होतंय. कार्डिओग्राम नॉर्मल आहे.” त्याच दिवशी कारखान्याची तोड आमच्या रानात आली होती. टोळी एकदा गेली की परत कधी येईल सांगता येत नाही. तात्या म्हणाले, “ऊस जाऊ दे, उद्या सकाळी जाऊ.” मी बरं म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता ते बांधावर बसलेले तिथंच आडवे झाले. वाचले. पण हृदयाचं पंपिंग ३५ टक्क्यांवर आलं. आता गोठ्यापर्यंत चालतात आणि परत येऊन कट्ट्यावर बसतात.

मी शब्दाचं जे भाषांतर केलं ते शब्दकोशाप्रमाणं बरोबर होतं आणि तरी चूक होतं. अँजायना म्हणजे हृदयाला रक्त कमी पडल्यामुळं छातीत दुखणं. चढ चढल्यावर दुखतं आणि विश्रांती घेतली की थांबतं, त्याला स्टेबल अँजायना म्हणतात. म्हणजे कधी दुखणार आणि कधी थांबणार ते ठरलेलं. बसल्या जागी दुखायला लागलं, किंवा नव्यानंच सुरू झालं, किंवा आधीपेक्षा वारंवार, जास्त वेळ आणि थोड्या श्रमातही दुखायला लागलं, की तो अनस्टेबल. आत रक्तवाहिनीत साचलेल्या चरबीच्या थराला चीर पडून त्यावर रक्ताची गुठळी धरायला लागलेली असते. वाहिनी अजून पूर्ण बंद झालेली नसते. कधीही बंद होऊ शकते. पालथ्या कढईवरचं लिंबू ते हेच. दुखत नसताना कार्डिओग्राम नॉर्मल येऊ शकतो, कधी कधी दुखत असतानाही येतो, म्हणून एका नॉर्मल पट्टीवर विसंबायचं नसतं. हे सगळं मला नंतर, मोठ्या दवाखान्याच्या बाकड्यावर बसल्यावर कळलं.

तेव्हा कागदावर अनस्टेबल अँजायना दिसलं तर त्याचा अर्थ ‘आज, आत्ता’ असा घ्या. तोड परत आणता येते.

हाडांचे डॉक्टरही हा शब्द वापरतात. अनस्टेबल फ्रॅक्चर म्हणजे हाड बसवून प्लास्टर केलं तरी तुकडे जाग्यावर राहणार नाहीत असं मोडलेलं हाड. तिथं बहुतेक वेळा रॉड किंवा प्लेट टाकावी लागते. ‘नुसतं प्लास्टर केलं असतं तरी भागलं असतं, पैशासाठी ऑपरेशन केलं’ असं पारावर म्हणणाऱ्यांनी एक्स-रेवर नेमकं काय लिहिलंय ते आधी विचारावं. आणि मणक्याचं अनस्टेबल फ्रॅक्चर असेल तर नुसत्या हलवण्यानं मज्जारज्जूला इजा होऊन माणूस कायमचा अधू होऊ शकतो. नारळाच्या झाडावरून, विहिरीत किंवा माळ्यावरून पडलेल्या माणसाला दोघांनी हात-पाय धरून झोळीसारखा उचलू नका. फळी किंवा दार आणा, चौघांनी मिळून मान आणि पाठ एका रेषेत ठेवून त्याला सरकवा.

मेंटली अनस्टेबल

हा वापर सगळ्यात जास्त आणि सगळ्यात ढिसाळ आहे. वैद्यकीय भाषेत मेंटली अनस्टेबल असं निदानच नाही. नैराश्य असतं, स्किझोफ्रेनिया असतो, बायपोलर असतो, दारू सुटल्यावरचा भ्रम असतो. प्रत्येकाचं नाव वेगळं आणि औषधही वेगळं. कुणी विचित्र वागलं की त्याला एका शब्दात गुंडाळायची सवय पोलिसांना, पुढाऱ्यांना आणि आम्हा बातमीदारांना लागली आहे.

मीही केलंय. काही वर्षांपूर्वी एसटी स्टँडवर एक माणूस आरडाओरडा करत होता, लोकांनी त्याला धरून ठेवलं. एकानं मला सांगितलं अनस्टेबल आहे, मी ‘मनोरुग्णाचा स्टँडवर गोंधळ’ अशी ओळ टाकून बातमी पाठवली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाचा फोन आला. वडिलांना डायबेटिस, सकाळी इन्सुलिन घेतलेलं आणि जेवण चुकलेलं. साखर उतरली होती. साखर फार खाली गेली की माणूस घाम येऊन बरळतो, चिडतो, दारू प्याल्यासारखा वागतो. साखरेचं पाणी पोटात गेल्यावर ते अर्ध्या तासात पहिल्यासारखे झाले होते. मुलगा शिव्या देत नव्हता, एवढंच म्हणाला की बहिणीचं लग्न ठरवायचं चाललंय. खुलासा छापला. तो किती जणांनी वाचला ते मला माहीत आहे.

मनाच्या तक्रारीसाठी सरकारची टेलिमानस ही फुकट सेवा आहे, १४४१६ या नंबरवर मराठीतही बोलता येतं.

उतार अनस्टेबल झाला म्हणजे

आपल्या डोंगरी भागात हा अर्थ सगळ्यांना माहीत पाहिजे. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव दरडीखाली गेलं. दीडशेच्या आसपास माणसं गेली. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातलं तळीये, त्याच पावसात आपल्या सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यातलं आंबेघर, मिरगाव, ढोकावळे. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी. प्रत्येक ठिकाणची म्हातारी माणसं एकच वाक्य बोलतात, इतक्या पिढ्या राहिलो, डोंगर कधी हलला नाही. ते खरं बोलतात. डोंगर हलत नव्हता, पण हलला नाही म्हणून तो स्टेबल होता असं होत नाही.

उतारावरची माती दोन गोष्टींवर टिकून असते. एक मातीच्या कणांची आपसातली पकड आणि दुसरं खालच्या खडकाशी असलेलं घर्षण. तिला खाली ओढतं तिचंच वजन. उन्हाळ्यात पकड जास्त आणि वजन कमी. सलग तीन-चार दिवस मुसळधार लागली की माती पाणी पिऊन जड होते, आणि मातीतल्या पोकळ्यांत भरलेलं पाणी कणांना एकमेकांपासून उचलायला लागतं, म्हणजे पकड सुटत जाते. आपल्या सह्याद्रीत वर भुसभुशीत लाल माती आणि मुरूम, खाली कातळ. पाणी कातळापर्यंत जातं आणि तिथून वाट काढतं, त्यामुळं वरचा थर साबणावर ठेवल्यासारखा होतो. त्यात आपण पायथा खोदून रस्ता काढलेला असेल, घरासाठी सपाटी केली असेल, वर जेसीबीनं चर मारून पाणी एकाच जागी मुरवलं असेल, तर उताराचा पायच काढल्यासारखं होतं.

अनस्टेबल उतार आधी काही खुणा देतो. वरच्या अंगाला आडवी भेग पडते आणि ती पावसागणिक रुंदावते. झाडं, विजेचे खांब, कुंपण तिरपं होतं. घराची दारं-खिडक्या अचानक घट्ट बसतात, भिंतीला जमिनीपासून तिरकी चीर जाते. नसलेल्या जागी पाझर फुटतो. ओढ्याचं पाणी एकाएकी गढूळ होतं, किंवा भर पावसात कमी होतं. ही शेवटची खूण सगळ्यात वाईट, कारण वर कुठंतरी दरडीनं पाणी अडवलेलं असू शकतं. अशा वेळी सामान गोळा करत बसायचं नाही. ओढ्याच्या वाटेनं खाली न पळता आडवं, बाजूच्या पक्क्या जागेकडं जायचं.

भूवैज्ञानिक येऊन ‘अनस्टेबल’ असा शेरा मारून गेले की गावात दोन तट पडतात. एक म्हणतो जागा बळकावायचा डाव आहे, दुसरा म्हणतो शेड बांधून द्या मग जातो. पत्र्याच्या शेडमध्ये चार महिने काढणं किती हालाचं असतं ते मी बघितलं आहे, जनावरं कुठं बांधायची हा प्रश्न कुणी अधिकारी विचारत नाही. लोक हट्टी आहेत म्हणून जात नाहीत असं लिहिणं सोपं आहे. पण ठाण सोडायला सांगताना नवं ठाण दाखवावं लागतं.

ट्रॅक्टर, ट्रॉली, टँकर

वस्तूचं सगळं वजन ज्या एका बिंदूत धरता येतं त्याला गुरुत्वमध्य म्हणतात. त्या बिंदूतून सरळ खाली सोडलेली रेषा चाकांच्या आत पडते तोवर गाडी उभी राहते. ती रेषा बाहेर गेली की गाडी पलटी. ऊस जितका वर रचाल तितका हा बिंदू वर जातो आणि थोड्या उतारालाही रेषा बाहेर पडते. दोन टन जास्त बसवण्याच्या नादात ट्रॉली अनस्टेबल होते. त्यात रात्री मागं रिफ्लेक्टर नसतो, पण तो वेगळ्या बातमीचा विषय.

अर्धा भरलेला टँकर पूर्ण भरलेल्यापेक्षा वळणावर जास्त घात करतो. पाणी एका अंगाला धावतं आणि गाडीला ढकलतं. फवारणीच्या मोठ्या टाकीचंही तसंच.

आणि ट्रॅक्टर मागं उलटतो तो प्रकार. चिखलात रुतलेली गाडी किंवा झाडाचं खोड ओढायला साखळी वर, टॉप लिंकला किंवा ॲक्सलला बांधतात. ओढ वरून बसली की पुढची चाकं उचलतात आणि चालवणाऱ्याला क्लच दाबायलाही वेळ मिळत नाही. साखळी कायम खाली ड्रॉबारलाच बांधायची.

हवा, भाव, लाईट

हवामान खात्याच्या अंदाजात ‘वातावरण अस्थिर’ असं येतं तेव्हा त्याचा अर्थ आज ऊन उद्या पाऊस असा नसतो. जमिनीलगतची हवा तापलेली आणि दमट, वरची फार थंड, अशी परिस्थिती असली की खालच्या हवेचा फुगा वर सुटतो. कोरडी हवा वर जाताना दर किलोमीटरला साधारण १० अंशानं गार होते. पण बाष्पाचं पाणी झालं की उष्णता सुटते, त्यामुळं फुगा सावकाश गार होतो आणि भोवतीच्या हवेपेक्षा गरमच राहून आणखी वर पळतो. तासा-दोन तासांत ढग काळा डोंगराएवढा होतो. वळीव, वीज, गारपीट सगळं यातूनच. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट मराठवाडा-विदर्भातले शेतकरी अजून विसरलेले नाहीत. असा इशारा असेल तर दुपारी तीननंतर उघड्या रानात आणि झाडाखाली थांबू नका. विजेसाठी पुण्याच्या संस्थेनं काढलेलं ‘दामिनी’ ॲप मोबाईलवर ठेवा.

उलट हवा फार स्टेबल असली की हिवाळ्यातल्या सकाळी गुऱ्हाळाचा धूर वर न जाता आडवा पसरतो. तेव्हा फवारणी टाळावी, बारीक थेंब तसेच तरंगत शेजाऱ्याच्या रानात जातात.

बाजारभावासाठी इंग्रजीत ‘व्होलाटाइल’ हा शब्द जास्त चालतो, पण अनस्टेबलही म्हणतात. कांद्याचं उदाहरण सगळ्यांना पाठ आहे. खाणारा माणूस स्वस्त झाला म्हणून दुप्पट कांदा खात नाही आणि महाग झाला म्हणून सोडत नाही, त्यामुळं आवक जरा वाढली की भाव कोसळतो आणि जरा घटली की आभाळाला जातो. त्यात सरकारचा हात लागला तर बघायलाच नको. २०२३ च्या ऑगस्टमध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क, डिसेंबरमध्ये निर्यात बंद, मे २०२४ मध्ये अटी घालून परत चालू. लोणंदच्या बाजारात कांदा घेऊन गेलेल्या माणसाला अनस्टेबलचा अर्थ वेगळा सांगायची गरज नाही. उसाचा दर त्या मानानं स्टेबल, कारण एफआरपी केंद्र ठरवतं, २०२४-२५ ला १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३४० रुपये. म्हणून तर पाणी असो नसो, प्रत्येकाला ऊसच लावायचा असतो.

लाईटचं सांगायचं तर फ्रिजशेजारी जो डबा असतो तो स्टॅबिलायझर, शब्द त्याच घरातला. व्होल्टेज खाली-वर झालं की तो सांभाळून घेतो. मोटारीला मात्र व्होल्टेज कमी मिळालं की ती तेवढंच काम करायला जास्त अँपिअर खेचते, वायंडिंग तापतं आणि जळतं. कमी व्होल्टेजनं काय होतंय, चालतीय तर चालू दे, असं म्हणणाऱ्यांनी रिवायंडिंगचं बिल आठवावं.

सरकारबद्दल फार लिहीत नाही. १९९६ ला दिल्लीत १३ दिवसांचं सरकार बघितलं, १९९९ ला एका मतानं पडलेलं बघितलं, आणि त्यानंतर मुंबईतही बरंच बघितलं.

विद्यार्थ्यांसाठी

उच्चार ‘अन-स्टे-बल’ असा, जोर मधल्या ‘स्टे’वर. उलट शब्द स्टेबल. वस्तू डुगडुगत असेल तर ‘अनस्टेडी’ हाही शब्द चालतो, पण दवाखान्यात आणि शास्त्रात अनस्टेबलच. अस्थिर करणे याला ‘डिस्टॅबिलाइज’. नाम करताना मात्र पोरं चुकतात. विशेषणाला ‘अन’ लागतं, पण नाम ‘अनस्टॅबिलिटी’ होत नाही, ते ‘इन्स्टॅबिलिटी’ होतं. स्पर्धा परीक्षेत यावर प्रश्न येऊ शकतो. जुन्या इंग्रजीत ‘इन्स्टेबल’ असंही विशेषण होतं, ते आता वापरात नाही, पेपरात लिहिलं तर गुण जातील.